पहाटे चारच्या अलार्मचं कौतुक आता पुरे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर उगवत्या खेळाडूंच्या मुलाखती येतात त्या मी न चुकता वाचतो, आणि त्यातली एक गोष्ट आता फार खुपायला लागलीय म्हणून हे पत्र. दर दोन-तीन मुलाखतींत एक वाक्य हमखास असतं, की हा पोरगा किंवा ही पोरगी रात्री अभ्यास करून साडेअकराला झोपते आणि पहाटे चारला उठून प्रॅक्टिसला जाते, आणि ते वाक्य चौकटीत, मोठ्या अक्षरात, कौतुकाच्या सुरात. मेहनतीचं कौतुक व्हायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण साडेचार तास झोपण्यात कसली आलीय मेहनत, ती तर केलेल्या मेहनतीची नासाडी झाली, आणि असलं काही वाचून घरोघरचे आईबाप आपल्या पोरांचा अलार्म आणखी अर्धा तास अलीकडे घेतात हे मी बघितलंय. बघितलंय काय, मी स्वतःच घेतला होता.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी डॉक्टर नाही, कोचही नाही. कॉलेजात असताना ८०० मीटर पळायचो, आता चौदा वर्षांच्या एका स्विमरचा बाप आहे, आणि गेली तीनेक वर्षं झोप या विषयावर हाताला लागेल ते वाचत बसतो, एवढीच काय ती लायकी. त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी.

झोप म्हणजे मेंदूचं दुकान बंद, शटर खाली, असंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. बऱ्याच शास्त्रज्ञांचंही बराच काळ तसंच मत होतं. मग १९५३ साली शिकागो युनिव्हर्सिटीत यूजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेत ठरावीक वेळाने माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांआड भराभर फिरायला लागतात आणि त्या वेळी मेंदूच्या लहरी जवळपास जागेपणीसारख्या दिसतात. हीच ती रेम झोप, स्वप्नांची. पुढे कळत गेलं की रात्रभर एक चक्र फिरत असतं, हलकी झोप, मग गाढ झोप, मग रेम, असं साधारण नव्वद मिनिटांचं एक, आणि रात्रीत अशी चार-पाच चक्रं होतात. आता यातली महत्त्वाची गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं, ती म्हणजे ही चक्रं एकसारखी नसतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात उरकला जातो, आणि पहाटेकडे जसजसं जावं तसतशी रेम वाढत जाते आणि उरलेल्या वेळात असतो तो हलक्या झोपेचा दुसरा टप्पा. म्हणजे आठ तासांतले शेवटचे दोन तास कापले तर सगळंच पंचवीस टक्के कमी झालं, असं सरळ गणित तिथे चालत नाही. गाढ झोप बऱ्यापैकी वाचते आणि रेम आणि तो दुसरा टप्पा यांच्यावर कुऱ्हाड पडते.

तर या दुसऱ्या टप्प्यात काय असतं? मला वाटायचं काही नसतं, नुसती वेळ काढणारी झोप. पण ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या आलेखावर, त्या वेळी मधूनमधून एक झटका उमटतो, सेकंदाला अकरा ते सोळा वेळा थरथरणारी लहर, अर्धा-एक सेकंद टिकते, कधी थोडी जास्त, सुरुवातीला बारीक, मधे फुगीर, शेवटी परत निमुळती. सूत कातायच्या चातीसारखी दिसते म्हणून तिचं नावच स्पिंडल पडलं. ही लहर मेंदूच्या मध्यावर असलेल्या थॅलॅमसमधून निघते, तो थॅलॅमस जो दिवसभर बाहेरच्या सगळ्या बातम्या वरच्या मेंदूकडे पोचवत असतो. या स्पिंडलचा आणि हातापायांनी शिकलेल्या गोष्टी पक्क्या होण्याचा संबंध आहे असं बरंच संशोधन सांगतं. २००२ साली मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग आला, लोकांना बोटांनी एक ठरावीक क्रम पटापट दाबायला शिकवलं, त्यांची परत परीक्षा घेतली, बारा तास नुसतं जागं राहिलेल्यांत म्हणण्यासारखी सुधारणा नव्हती, पण एक रात्र झोपून आलेल्यांचा वेग जवळजवळ वीस टक्क्यांनी वाढलेला होता, मधे एकदाही सराव न करता. आणि ही सुधारणा जुळत होती ती दुसऱ्या टप्प्याच्या झोपेशी, त्यातही रात्रीच्या शेवटच्या भागातल्या. नंतर काही लोकांनी म्हटलं की वीस टक्के हा आकडा फुगलेला आहे, कारण शिकताना बोटं दमलेली असतात आणि थकवा गेला की तसाही वेग वाढतोच, आणि ती टीका मला बरोबर वाटते. त्यामुळे आकडा सोडून द्या. पण शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते, ही गोष्ट त्या टीकेनंतरही पूर्ण उडून गेलेली नाही.

आता हे घेऊन स्विमिंग पूलवर या. माझी मुलगी महिनाभर टर्न सुधारत होती, म्हणजे भिंतीपाशी कोलांटी मारून पाय नेमके कुठे टेकवायचे आणि पाण्याखाली किती राहायचं ते. संध्याकाळी कोच दहा वेळा करून घ्यायचे, दहाव्या वेळेला जमायचं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता परत पहिल्यापासून. कोच वैतागायचे, मी वैतागायचो, लक्ष नाहीये तुझं म्हणून ती बोलणी खायची. तेव्हा माझ्या डोक्यात हे आलं नाही की संध्याकाळी जे शिकवलं ते ज्या तासांत डोक्यात बसणार होतं त्याच तासांत आम्ही तिला गाडीच्या मागच्या सीटवर बसवून पूलवर नेत होतो. कोचने शिकवलेलं कोचच पुसत होते, आणि गाडी मी चालवत होतो.

यावर सगळे एकच उत्तर देतात, मग लवकर झोपवा की! लवकर निजे लवकर उठे ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. गंमत म्हणजे त्यातला पुढचा अर्धा भाग आपण अलार्म लावून अमलात आणतो आणि पहिला अर्धा देवाच्या भरवशावर सोडतो. पण ठीक आहे, गणित करून बघू. साडेचारला उठायचंय आणि आठ तास झोपायचंय म्हणजे साडेआठला गाढ झोप लागलेली पाहिजे. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, हे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनचं मत आहे, म्हणजे आठ तास हा खालचा आकडा झाला. आणि नेमकं याच वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्र झाली असं शरीराला सांगणारं मेलाटोनिन लहान मुलांपेक्षा उशिरा सुटायला लागतं, झोपेच्या संशोधक मेरी कार्सकाडन यांनी यावर आयुष्य घातलंय. त्यातून आणखी एक भानगड अशी की आपल्या नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास हे सगळ्या दिवसातले झोप यायला सगळ्यात अवघड तास असतात. पेरेट्झ लावी या संशोधकाने १९८६ साली त्याला झोपेचा निषिद्ध पट्टा अशा अर्थाचं नाव दिलं होतं. त्यामुळे साडेदहाला झोप येणाऱ्या पोरीला साडेआठला अंधारात झोपवलं तर ती छताकडे बघत पडते, आणि आपण दाराबाहेरून ओरडतो की मोबाइल ठेव. मोबाइल नसतोच हो हातात प्रत्येक वेळी.

आणि हा नुसता आमच्या घरचा प्रॉब्लेम नाही. ऑस्ट्रेलियात २००८ च्या ऑलिम्पिकच्या तयारीत असलेल्या सात टॉपच्या स्विमर्सची झोप चौदा दिवस मोजली होती. सकाळी सहाच्या प्रॅक्टिसच्या आदल्या रात्री त्यांना सरासरी ५.४ तास झोप मिळाली, सुट्टीच्या आदल्या रात्री ७.१ तास. सातच माणसं होती हे खरं, पण ही माणसं म्हणजे ज्यांच्याकडे शिस्त, कोच, सायन्स सगळं होतं अशी. त्यांना जमलं नाही ते आपल्या आठवी-नववीतल्या पोरांना रात्री होमवर्क करून कसं जमणार?

सवय होते असं पण म्हणतात. वर ज्यांचं नाव आलं त्या रेम झोपवाल्या क्लाइटमन साहेबांचा एक किस्सा आहे, १९३८ साली ते आपल्या एका विद्यार्थ्याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस जाऊन राहिले, सूर्याचा उजेड नाही काही नाही, आणि २८ तासांचा दिवस पाळून बघितला. तरुण विद्यार्थ्याच्या शरीराने जमवून घेतलं, क्लाइटमन चाळिशीपार होते, त्यांचं शरीर आपलं २४ तासांवरच अडून बसलं. मला हा किस्सा फार आवडतो. माणसाने स्वतःच्या शरीराकडून इतक्या स्पष्ट शब्दांत नाही ऐकून घेतलं आणि ते छापलं पण.

सवयीबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी सकाळी पाचला ट्रॅकवर असायचो आणि रात्री बाराच्या आत कधी झोपलो नाही. पहिला आठवडा जड गेला, मग काही वाटेनासं झालं. मी सगळ्यांना सांगायचो की मला पाच तास पुरतात. टाइम मात्र सुधारत नव्हता, आणि शेवटच्या दोनशे मीटरला असं वाटायचं की कुणीतरी मागून शर्ट धरून ठेवलाय. कोच म्हणाले स्टॅमिना कमी आहे, मग अंतर वाढवलं, अंतर वाढवलं म्हणून आणखी लवकर उठायला लागलो, आणि सीझनच्या आधी तीन आठवडे हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, गेला. झोप कमी म्हणून गेला असं मी छातीठोक सांगू शकत नाही, वॉर्मअपचा पण आळस होता. पण स्टॅमिना कमी होता हे निदान चुकीचं होतं असं आता नक्की वाटतं.

कारण १९८१ सालचा एक जुना प्रयोग आहे. ३६ तास जागं ठेवून लोकांना ट्रेडमिलवर थकेपर्यंत चालवलं, तर ते सरासरी ११ टक्के आधी थांबले. हृदयाचे ठोके मात्र झोपून आलेल्या दिवसासारखेच होते. फरक पडला होता तो कष्ट किती वाटतायत यात. दम आधी लागला नव्हता, दम लागला असं आधी वाटत होतं. आणि नंतरच्याही बऱ्याच प्रयोगांत साधारण हेच निघालं की एका रात्रीच्या जागरणाने एकदाच लावायची जास्तीत जास्त ताकद फारशी हलत नाही, पण जे दीर्घकाळ रेटायचं असतं, जिथे निर्णय घ्यायचा असतो, जिथे नेम धरायचा असतो ते आधी ढासळतं. म्हणजे मसल ठीक असतो, पण त्याला हुकूम देणारा वरचा साहेब पेंगत असतो.

आणि त्या साहेबाला आपण पेंगतोय हे कळत नाही ही सगळ्यात वाईट गोष्ट. २००३ साली हान्स व्हॅन डोंगेन आणि डेव्हिड डिंजेस यांच्या टीमने ४८ निरोगी लोकांवर प्रयोग केला, काहींना रोज आठ तास झोप, काहींना सहा, काहींना चार, असं चौदा दिवस. सहा तासवाल्यांचा रिॲक्शन टाइम आणि लक्ष रोज थोडं थोडं घसरत गेलं आणि दोन आठवड्यांनी अशा पातळीला पोचलं जी एक अख्खी रात्र अजिबात न झोपलेल्यांच्या जवळ जाते. पण त्यांना विचारलं झोप येतेय का, तर पहिल्या काही दिवसांनंतर त्यांचं उत्तर जवळपास स्थिर, थोडी येते, विशेष नाही. वाचलं तेव्हा मला घाम फुटला, कारण हा मीच होतो. मला पाच तास पुरतात हे जे मी सांगत फिरायचो ते सांगणारा मेंदूच झोपेला मोताद झालेला होता, त्याची साक्ष काय कामाची?

२०११ साली उंदरांवरचा, म्हणजे मोठ्या उंदरांवरचा, एक प्रयोग नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. त्यांना झोपेच्या वेळेनंतर चार तास नवनवीन वस्तू देऊन जागं ठेवलं. उंदीर जागे, डोळे उघडे, ईईजीपण जागेपणीचा. पण मेंदूत आत बसवलेल्या तारांवर दिसलं की काही पेशी मधेच क्षणभर गप्प होतायत, जशा त्या गाढ झोपेत होतात. उंदीर जागा आणि मेंदूतला एक कोपरा झोपलेला. आणि पंजाने साखरेची गोळी उचलायची जी कसरत ते शिकले होते त्यात, असा कोपरा गोळी उचलायच्या जरासा आधी गप्प झाला तर गोळी हुकण्याची शक्यता वाढायची. माणसात सगळं असंच होतं असं लगेच म्हणू नये. पण सोपा कॅच हातातून सुटल्यावर पोराला काय झालं तुला म्हणून विचारतो आणि तो खरंच सांगू शकत नाही, तेव्हा मला तो उंदीर आठवतो.

शरीराचा भाग थोडक्यात सांगतो कारण तो बऱ्याच लोकांना माहिती असतो. ग्रोथ हार्मोनचा मोठा लोंढा झोप लागल्यावरच्या पहिल्या गाढ झोपेत सुटतो, हे १९६८ पासून माहिती आहे. दहा तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं, हे २०११ चं. २०२१ मध्ये १३ तरुण-तरुणींना एक अख्खी रात्र जागं ठेवून दुसऱ्या दिवशी मोजलं तर मसलमध्ये नवं प्रोटीन बनण्याचा वेग १८ टक्के कमी, आणि कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन २१ टक्के जास्त. थोडक्यात तुम्ही जिममध्ये मसल तोडून येता आणि जोडायचं काम रात्रपाळीवर असतं. रात्रपाळीच रद्द केली तर दुसऱ्या दिवशी अर्धवट बांधकामावर परत घण घालायचे.

दुखापतीचं पण बघा. ११२ शाळकरी खेळाडूंचा एक अभ्यास २०१४ साली आला, आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट जास्त निघाली. यात कारण आणि योगायोग वेगळं करणं अवघड आहे, जो कमी झोपतो तो कदाचित प्रॅक्टिसही जास्त करत असेल, कदाचित टेन्शनमध्ये असेल. तरी मला आश्चर्य याचं वाटतं की आपण महागडे बूट, टेप, पट्टे, मसाज सगळं करतो आणि ही फुकटातली गोष्ट तेवढी सोडतो.

आता दुसरी बाजू पण लिहायला पाहिजे, नाहीतर मी पण तुमच्या चौकटीसारखंच एकांगी लिहितोय असं होईल. झोप वाढवली की खेळ किती सुधारतो याबद्दल सगळीकडे स्टॅनफर्डच्या बास्केटबॉल टीमचा दाखला देतात, २०११ चा, चेरी माह यांचा. अकरा खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं, त्यांची झोप जवळपास पावणेदोन तासांनी वाढली, धावण्याचा टाइम १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आला आणि फ्री थ्रोची अचूकता नऊ टक्क्यांनी वाढली. भारी आकडे आहेत, पण तुलनेला दुसरा गट नव्हता आणि अकराच पोरं होती, सीझनभर खेळून तशीही सुधारणा काही प्रमाणात होतेच. म्हणून मी पालकांना हा आकडा तोंडावर फेकत नाही.

आणि मॅचच्या आदल्या रात्रीची झोप. त्याचा लोकांनी उगाच बाऊ करून ठेवलाय असं माझं मत आहे. ऑस्ट्रेलियातल्या २८३ खेळाडूंना विचारलं तर ६४ टक्के म्हणाले की गेल्या वर्षभरात एकदा तरी महत्त्वाच्या स्पर्धेच्या आधी आपल्याला नीट झोप लागली नव्हती. म्हणजे हे नॉर्मलच आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना त्यामुळे खेळ बिघडला असंही वाटलं नाही. एका रात्रीच्या तळमळीने काही बुडत नाही, आधीच्या पंधरा दिवसांची झोप शिल्लक असली म्हणजे झालं. उलट झोप लागलीच पाहिजे म्हणून जो घड्याळाकडे बघत बसतो त्याला ती लागत नाही. स्मार्टवॉचने तर यात भर घातलीय, सकाळी उठून पोरं फ्रेश वाटतंय की नाही ते स्वतःला न विचारता मनगटाला विचारतात. झोपेचा स्कोअर चांगला यावा या काळजीने झोप उडालेल्या पेशंटबद्दल डॉक्टरांनी २०१७ साली लिहिलं आणि त्याला ऑर्थोसोम्निया असं नावसुद्धा ठेवलं. घड्याळांना गाढ झोप, हलकी झोप हे टप्पे ओळखणं तेवढं नीट जमतही नाही.

पहाटेच्या प्रॅक्टिसच्या बाजूने जे बोलतात त्यांचा एक मुद्दा मात्र मला पटतो, की पूल आणि ट्रॅक तेव्हाच रिकामा असतो, नंतर शाळा असते, दुसरं करणार काय. अगदी खरंय. पण मग अडचण म्हणून सांगा ना, पहाटेची प्रॅक्टिस सगळ्यात चांगली असते हे कशाला? शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या आसपास सगळ्यात खाली असतं आणि दुपारनंतर, संध्याकाळकडे सगळ्यात वर, मसलचा जोर पण साधारण त्याच्याच मागे चालतो. २००४ ते २०१६ या चार ऑलिम्पिकमधल्या स्विमर्सचे टाइम तपासून एक पेपर २०२० साली आला, त्यात सगळ्यात चांगली वेळ निघाली संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांच्या आसपास आणि सगळ्यात वाईट सकाळची. फरक अगदी बारीक, ०.३७ टक्के, पण ४० टक्के फायनलमध्ये गोल्ड आणि सिल्व्हरमधलं अंतर त्याहून कमी होतं. बीजिंगला २००८ मध्ये फायनल सकाळी ठेवल्या होत्या, रिओला रात्री दहानंतर, दोन्ही वेळा टीव्हीच्या सोयीने. ज्याची रेस सकाळी आहे त्याने काही दिवस सकाळी प्रॅक्टिस करून शरीराला त्या वेळेची ओळख करून द्यावी हे बरोबरच. बारा महिने कशाला?

कॉफीबद्दल एकच. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्याने झोपेचा दाब वाढतो, कॅफीन त्या ॲडिनोसिनच्या खुर्चीवर जाऊन बसतं, ॲडिनोसिन तिथेच असतं, फक्त उभं. झोपायच्या सहा तास आधी घेतलेलं ४०० मिलिग्रॅम कॅफीन झोप तासाभराने कमी करतं असं २०१३ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. संध्याकाळच्या प्रॅक्टिसआधी एनर्जी ड्रिंक पिणारी पोरं बघितली की हे आठवतं.

आमच्या घरी काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. मी कोचना भेटलो, भांडायला गेलो होतो खरंतर, पण त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले आठवड्याला सहाच्या सहा सकाळी नको, तीन सकाळी करू, आणि नवीन टेक्निक शिकवायचं असेल तर ज्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची बॅच नाही अशा संध्याकाळी शिकवू. ही कल्पना त्यांचीच, मला सुचली नव्हती. सकाळच्या बॅचच्या दिवशी ती दुपारी वीस-पंचवीस मिनिटं झोपते, त्याहून जास्त झाली तर उठल्यावर अर्धा तास कुणाशी बोलत नाही. रात्री झोपायच्या तास-दीड तास आधी गरम पाण्याने अंघोळ, हे विचित्र वाटेल पण गरम पाण्याने हातापायांकडे रक्त जातं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि शरीर आतून थंड व्हायला लागतं, आणि शरीर थंड होणं हीच झोपेची सूचना असते. टर्न जमला का? जमला, पण चार महिने लागले, त्यात झोपेचा वाटा किती आणि ती वयाने मोठी झाली त्याचा किती हे मला सांगता येणार नाही. चिडचिड मात्र पंधरा दिवसांत कमी झाली, तिची पण आणि गाडी चालवणाऱ्याची पण.

तर संपादक साहेब, विनंती अशी की पुढच्या वेळी खेळाडूची मुलाखत घेताना उठता किती वाजता हा प्रश्न विचारलात तर त्याच्या पाठोपाठ झोपता किती वाजता आणि दुपारी झोपता का हे पण विचारा आणि तिन्ही उत्तरं एकत्र छापा. बरेच मोठे खेळाडू पहाटे उठतात हे खरंच असतं, पण ते दुपारी दोन तास झोपतात हे कुणी छापत नाही, कारण त्याची चौकट होत नाही. आणि जमलं तर एखाद्या झोपेच्या डॉक्टरांना आणि एखाद्या कोचला समोरासमोर बसवून शाळकरी खेळाडूंच्या वेळापत्रकावर एक पान करा, माझ्यासारख्या अर्धवट वाचणाऱ्याने लिहिण्यापेक्षा ते बरं.

पत्र फार लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर माझं ८०० मीटरचं रडगाणं खुशाल कापा, गुहेचा किस्सा पण गेला तरी चालेल. पहाटेच्या शेवटच्या दोन तासांचा आणि त्या चातीचा परिच्छेद तेवढा ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक